हवेत सुकलेला नमुना

यादीत सातव्या ओळीवर काल्टेनएक होतं. बस मुर नदीच्या पुलावरून वळली आणि रोजच्यासारखे सगळे उजवीकडे कलले. बाकीचे सरळ झाले, मी झाले नाही. शेजारचे म्हातारे गृहस्थ थोडा वेळ माझा खांदा सहन करत राहिले, मग म्हणाले, "बाई, बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "वाटतंय की," आणि सावरून बसले. कागद मांडीवर तसाच होता. आदल्या संध्याकाळी आमच्या प्रयोगशाळेतल्या डॉक्टर हायडिंगरनी तो माझ्या हातात कोंबला होता आणि मी न वाचताच पिशवीत टाकला होता. निवृत्तीला चौदा महिने उरलेल्या माणसाला कुठल्याच यादीची घाई नसते. कोठीतून काढायचे जुने दगड, बारा बोगद्यांचे बारा नमुने. सातवा काल्टेनएकचा, दगड तपासायला पाडलेलं भोक क्रमांक चार, खोली दोनशे अकरा मीटर. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं: कोरडा आणि ओला, दोन्ही. लेओबेनच्या चौकात माझा थांबा आला आणि गेला. मी पुढच्या थांब्यावर उतरले आणि तेवढी वाट मागे चालत प्रयोगशाळेत आले. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मला उशीर झाला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझं काम सांगायला सोपं आहे, म्हणून सांगताना मला नेहमी थोडी लाज वाटते. मी दगडाला ओरखडे काढते. पेन्सिलीसारखी टोक काढलेली पोलादी सुई, तिच्यावर सात किलोचं वजन, आणि खाली नुकताच फोडलेला दगड. सुई एक सेंटिमीटर ओढायची. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून टोक किती बोथट झालं ते मोजायचं. अशा पाच सुया, पाच ओरखडे आणि त्यांची सरासरी. तो झाला दगडाचा झीज-आकडा. या आकड्यावरून बोगदेवाले ठरवतात की बोगदा खणणाऱ्या मशीनच्या तोंडावरच्या पोलादी चकत्या किती दिवस टिकतील, कोणत्या जातीच्या मागवायच्या आणि किती वेळा मशीन थांबवून बदलायच्या. पहिल्याच मिलिमीटरात सुईचं जे व्हायचं ते होऊन जातं, उरलेले नऊ ती नुसती ओढली जाते. बाहेरच्या लोकांना वाटतं, दगड म्हणजे दगड, आकडा म्हणजे आकडा. तसं नसतं. दगड हातोडीनं फोडला की एक आकडा येतो, करवतीनं कापला की दुसरा. पोलाद जरा कडक निघालं की तिसरा. सुई भरकन ओढली की वेगळा, हळू ओढली की वेगळा. टोकाकडे वरून पाहिलं की एक, बाजूनं पाहिलं की दुसरा. आणि दगड ओला असेल तर बरेचदा खालचा. मार्लीस हायडिंगरचा नवा शोधनिबंध याच्यावरच होता. "एकच दगड आठ प्रयोगशाळांना पाठवला, लाकनरबाई," ती चहाच्या वेळी सांगत होती, "आठ आकडे आले. आठही जण शपथेवर सांगायला तयार. आता बोला!" मी म्हटलं, "डॉक्टरबाई, नवव्या प्रयोगशाळेत पाठवू नका म्हणजे झालं." ती हसली. वयानं ती माझ्या मुलीसारखी आहे. मला मुलगी नाही.

बारा नमुन्यांपैकी अकरा मी दहा दिवसांत संपवले. सातवा ठेवला. कोठीत त्याची पेटी शोधायलाही गेले नाही, कारण ती कुठे आहे हे मला माहीत होतं. नऊ वर्षं मी त्या मांडणीच्या समोरून जाताना दुसरीकडे बघत आले होते. लाकडी पेटी, खालून तिसरा कप्पा, झाकणावर माझंच अक्षर.

ती पेटी डिसेंबरच्या तीन तारखेला आली होती. तीन तारीख मला कधी विसरता येत नाही, कारण चारला संत बार्बाराचा दिवस, आणि त्या दिवशी आमच्याकडे खाणवाले, बोगदेवाले, दगडाशी ज्याचं म्हणून काही नातं आहे तो कुणीही काम करत नाही. बार्बारा आमची राखणदारीण. बोगदा सुरू झाला की त्याच्या तोंडाशी कोनाडा करून तिची मूर्ती बसवतात. दुसऱ्या कुठल्या बाईला मात्र बोगदा आरपार होईपर्यंत आत पाऊल ठेवू देत नाहीत. आता कायद्यानं कुणी अडवू शकत नाही, तरी जुने लोक तोंड वाकडं करतात. मी गेले नाही कधी. माझा भाऊ वेंडेलिन आत जायचा. तो म्हणायचा, "बुर्गी, तू दगडांची जन्मपत्रिका मांडतेस, लग्न मला लावावं लागतं." असलं काहीतरी तो सारखा बोलायचा, तोंडात काळ्या पावाचा घास, हनुवटीवर भोपळ्याच्या बियांचं हिरवं तेल ओघळलेलं. त्याच्या आदल्या रविवारी रोझविटाकडे, म्हणजे माझ्या भावजयीकडे, आम्ही जेवत होतो. धिरड्याचे काप घातलेलं सूप होतं. लेनी माझ्या मांडीवर बसून माझ्या ताटलीतले काप उचलत होती. मी तिची आत्या आणि धर्ममाताही, त्यामुळे तिला माझ्या ताटलीवर दुहेरी हक्क होता. वेंडेलिन म्हणाला, "तुझ्या आकड्यासाठी सगळे खोळंबलेत गं. चकत्यांची ऑर्डर जायचीय. बार्बाराच्या आधी देऊन टाक ना, बाई." मी म्हटलं, "दगड येऊ तर दे." तो म्हणाला, "आला की हात चालव. तुझा हात काय, सोन्याचा."

तीनला दुपारी दगड आला. ओल्या फडक्यात गुंडाळलेला आणि वरून प्लास्टिक, कारण शेजारच्या खोलीत त्याची ताकद मोजायची होती आणि त्यासाठी तो जमिनीत होता तितकाच ओलसर लागतो. माझ्या परीक्षेला तो कोरडा लागतो. दोन दिवस उघड्यावर सुकवायचा, मग फोडायचा. दोन दिवस म्हणजे पाच तारीख. खालच्या मजल्यावर लोक पूर्वसंध्येच्या मिरवणुकीसाठी काळे कोट घालून तयार होत होते, बँडवाल्यांपैकी कुणीतरी जिन्यात तुतारी फुंकून बघत होतं. मी दगड फडक्यातून काढला, हातानं पुसला आणि फोडला. फुटलेल्या बाजूवर ओल दिसत होती. पाच ओरखडे काढले. दोन पूर्णांक एक. म्हणजे मध्यम, साध्या चकत्यांवर भागेल. आमच्या छापील तक्त्यावर नमुन्याच्या अवस्थेचा रकाना असतो, आणि त्या काळी तिथे आधीच छापून यायचं: ‘हवेत सुकलेला’. नेहमी तसाच असायचा ना! वेगळं काही असेल तर ते खोडून हातानं लिहायचं. मी खोडलं नाही. विसरले असं म्हणता आलं असतं, पण मी विसरले नव्हते. माझं पेन त्या दोन शब्दांवर क्षणभर थांबलेलं मला आठवतं. मग मी खाली सही केली आणि साडेसहाच्या बसनं घरी गेले.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. फेब्रुवारीपासून चकत्या भराभर झिजू लागल्या. जिथे महिन्यातून तीनदा मशीन थांबवायचं, तिथे एक दिवसाआड थांबवायला लागले. मशीनचं तोंड हातभर मागे घेतात, आणि चकत्या बदलणारी माणसं तोंड आणि दगड यांच्यामधल्या फटीत शिरतात. वेंडेलिन त्या टोळीत होता. रविवारी यायचा तो थकून, हात सुजलेले. "तुझ्या दगडानं आमची हाडं खिळखिळी केली गं," असं एकदा म्हणाला, हसून, आणि पाव कापायला घेतला. मी त्याला विचारलं नाही किती चकत्या, कशा झिजतात, काही नाही. मी म्हटलं, "सूप निवतंय." मे महिन्यात एका बुधवारी सकाळी समोरच्या दगडातून एक लादी सुटली. दारापेक्षा मोठी नव्हती. वेंडेलिन तिच्याखाली होता. चौकशी झाली. अहवालात लिहिलं, नैसर्गिकरीत्या सैल झालेली लादी. झिजेबद्दल लिहिलं, गारगोटीचे पट्टे लागले, ते एकाही भोकात सापडले नव्हते. तो अहवाल मी बसमध्ये उभ्यानं वाचला आणि मनात म्हटलं, पट्टे नव्हे, ओल. माझ्याकडे कुणी विचारायला आलंच नाही. आलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी नऊ वर्षं स्वतःला सांगत आले. खरं तर मी वाट बघत होते की कुणी येऊ नये.

प्रेतयात्रेत मी रोझविटाच्या शेजारी चालले आणि त्यानंतर तिच्या घरी गेले नाही. आधी काम आहे म्हटलं, मग पाय दुखतोय म्हटलं, मग काहीच म्हणेनाशी झाले. लेनीच्या वाढदिवसाला पार्सल पाठवायचे. एकदा ती गावातल्या बेकरीत दिसली, बारा-तेरा वर्षांची, वेंडेलिनसारखी मान पुढे काढून उभी. मी पाव न घेता बाहेर पडले. रात्री जेवताना मला तिची मान आठवली आणि मी घास खाली ठेवला. असली नाटकं मला आवडत नाहीत, पण झालं खरं तसं. माझ्या भावाला मी मारलं, हे वाक्य मी कधी मोठ्यानं उच्चारलं नाही, पण ते माझ्या घरात माझ्याबरोबर राहत होतं. सकाळी माझ्यासोबत उठायचं. मी त्याला नावं ठेवायचे आणि त्याची सवयही झाली होती. ते नसतं तर त्या दोन खोल्यांत माझ्याशिवाय कोण होतं?

नोव्हेंबरच्या शेवटी मार्लीस म्हणाली, "लाकनरबाई, सातवा राहिलाय." मी पेटी काढली. झाकण उघडलं. नऊ वर्षांत दगड हाडासारखा कोरडा झाला होता. त्याचे तीन भाग केले. एक तसाच ठेवला. दुसरा ओल्या फडक्यात गुंडाळून वर प्लास्टिक बांधलं, तेव्हा आला होता अगदी तसाच. तिसरा पाण्याच्या भांड्यात बुडवून ठेवला. आठवडा गेला. मग मी तिन्ही फोडले आणि प्रत्येकावर पाच ओरखडे काढले. पंधरा सुया झाल्या. त्या मी मोजल्या नाहीत. माझ्या डोळ्यांवर माझाच विश्वास नव्हता. त्यांना काय बघायचंय हे त्यांना आधीच ठाऊक होतं. सुया क्रमांक घालून ट्रेमध्ये मिसळल्या आणि मार्लीसला म्हटलं, "तुम्ही मोजा. कुठली कशातली ते मी सांगणार नाही." ती म्हणाली, "अरे वा, परीक्षा घेताय माझी?" आणि सूक्ष्मदर्शकाशी बसली. ती एकेक आकडा मोठ्यानं सांगत होती, मी लिहीत होते. कोरड्याच्या रकान्यात काय पडतंय आणि ओल्याच्या काय, हे मला एकटीला दिसत होतं. नवव्या सुईला मला कळलं होतं. तरी पंधराही लिहिल्या.

कोरडा: दोन पूर्णांक एक. फडक्यातला: दोन पूर्णांक एक. पाण्यातला: दोन. मार्लीसनं कागद ओढून घेतला आणि खुर्चीत मागे रेलली. "काहीच फरक नाही की! दाट दगड आहे, पाणी आत शिरतच नाही याच्या. हा तुमच्यासारखाच निघाला, लाकनरबाई, पार्टीत सगळे पितात आणि हा आपला कोरडाच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय झालं? चुकलं का काही?" मी म्हटलं, "नाही. बरोबर आहे." आणि बाहेर जाऊन अंगणातल्या बाकावर बसले. थंडी होती, कोट आत राहिला होता. म्हणजे पट्टेच होते. ते अहवालवाले खरं बोलत होते आणि मी दोन दिवस थांबले असते, पाच तारखेला फोडला असता, तरी हाच आकडा लिहिला असता, चकत्या त्याच आल्या असत्या, आणि तो बुधवारही आला असता. मी नव्हते. आनंद व्हायला हवा होता. मी वाट बघितली, झाला नाही. झालं काय, तर वेंडेलिन आणखी एकदा मेला, आणि या वेळी त्याच्या मरण्याशी माझा काही संबंध उरला नाही. नऊ वर्षं मी त्याच्याशी जे बोलत होते ते सगळं चुकीच्या पत्त्यावर जात होतं. आणि लेनी बेकरीत उभी होती, आणि मी पाव न घेता बाहेर पडले होते, कशासाठी? त्या बाकावर मी रडले. प्रयोगशाळेच्या खिडकीतून कुणीतरी पाहिलं असेल, पाहू दे.

तरी घरी जाताना, पुलापाशी, एक गोष्ट हळूच वर आली. आता मला जाता येईल. शनिवारी दुपारी मी ट्रोफायाखची बस धरली. रोझविटाला सगळं सांगायचं ठरवलं होतं: मी मूर्ख, मला वाटत होतं माझ्यामुळे झालं, आता मोजून पाहिलंय, नाही झालं, मला माफ कर आणि मला तुझ्या टेबलाशी बसू दे. वाक्यं बसमध्येच जुळवली. लेनीबद्दल काय विचारायचं तेही. मी इतकी खुळी की पिशवीत तिच्यासाठी चॉकलेट घेतलं होतं, सतरा वर्षांच्या मुलीला.

रोझविटानं दार उघडलं. केस पांढरे झाले होते आणि ती बारीक झाली होती. "आलीस?" ती म्हणाली. "मला वाटलं, मला पुरल्यावरच येशील." मी काही म्हणेपर्यंत ती आत वळलीसुद्धा. "कोट काढ. इथे कुणी चोरत नाही तो." तिनं कॉफी ठेवली, अक्रोड भरलेल्या पावाचे दोन काप कापले. तीच खुर्ची होती. मी बसले. लेनी ग्राझला शिकते, वसतिगृहात असते, असं तिनं सांगितलं. "येते का शनिवार-रविवार?" मी विचारलं. "कशाला येईल?" रोझविटा म्हणाली. मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "रोझविटा, मी आले ते तुला एक सांगायला..."

"सांगू नकोस," ती म्हणाली. "मला माहितीये तू का येत नव्हतीस. तुझ्या जागी मी असते तर मीही आले नसते. फेर्डलनं सांगितलं ना तुला?"

फेर्डल म्हणजे वेंडेलिनच्या टोळीतला त्याचा दोस्त. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती, टेबलावरचे पावाचे कण बोटानं गोळा करत होती.

"बुधवारी त्याची सुट्टी होती," ती म्हणाली. "गुरुवारी चर्चमध्ये लेनीचा पहिला कम्युनियन. त्याची गुरुवारची पाळी होती, नि मी मागे लागले. पोरगी पांढऱ्या झग्यात उभी राहणार आणि बाप नाही? फेर्डलशी बदलून घे म्हटलं. तो म्हणाला, राहू दे गं, फोटो बघीन. मी तीन दिवस बोलले नाही त्याच्याशी. तीन दिवस, बुर्गी! शेवटी घेतली बदलून. फेर्डलची बुधवारची पाळी यानं केली." तिनं कण ताटलीत टाकले. "तुझं बरोबर होतं. मला तुझा राग नाही. लेनीला मी सांगितलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी भांडताना माझ्याच तोंडून निघून गेलं. तेव्हापासून ती मला आई म्हणत नाही. नावानं हाक मारते. फोनवर म्हणते, रोझविटा, पैसे मिळाले, ठेवते."

मी तिच्याकडे बघत बसले. नऊ वर्षं ही बाई या टेबलाशी बसून समजत होती की मी तिला दोषी धरते, म्हणून येत नाही. माझ्या न येण्यानं तिचा गुन्हा रोज शाबीत होत होता. आणि आता माझ्या पिशवीत माझ्या सुटकेचे आकडे होते. ते बाहेर काढले की मी मोकळी, आणि हिच्यासाठी मात्र बुधवारच उरतो. कुणाचा तरी दोष लागतोच; नुसती लादी पडली यावर कुठल्या बाईचं समाधान झालंय? मी तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार आहे ते मला नक्की माहीत नव्हतं. बोलल्यावर कळलं.

"मला फेर्डलनं काही सांगितलं नाही," मी म्हटलं. "मी आले नाही कारण मला तुझ्यासमोर यायचं तोंड नव्हतं. दगडाचा आकडा माझा होता. दगड ओला होता, मी सुकवला नाही. बार्बाराची घाई होती. कागदावर लिहिलं, हवेत सुकलेला. आकडा खाली आला, त्यांनी साध्या चकत्या मागवल्या. माझा आकडा बरोबर असता तर त्या बुधवारी मशीन थांबलंच नसतं. फेर्डल असता काय, वेंडेलिन असता काय, त्या फटीत कुणी शिरलंच नसतं."

तिनं मान वर केली. "तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि तू माझ्या पोरीला पार्सलं पाठवत होतीस."

"हो."

"पुन्हा सांग," ती म्हणाली. "मशीन थांबलं नसतं. पुन्हा सांग."

"थांबलं नसतं. चकत्या नीट असत्या तर बुधवारी कुणाला आत जावंच लागलं नसतं. पाळी बदलून काहीच झालं नाही, रोझविटा. माझ्यामुळे झालं."

आधी एकदा कागदावर खोटं लिहिलं होतं ते आळसानं. हे मी डोळे उघडे ठेवून बोलत होते आणि माझा आवाज अगदी साधा येत होता. तिचा चेहरा लाल होत गेला. मला वाटलं ती मारेल; मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, माझा कप उचलला, भरलेला तसाच मोरीत ओतला. "ऊठ," ती म्हणाली. "नीघ इथून. परत या दारात दिसलीस तर बघ. आणि लेनीला काही पाठवलंस तर रस्त्यावर फेकीन." मी म्हटलं, "बरं." तिनं खुंटीवरचा कोट माझ्या अंगावर टाकला आणि दार इतक्या जोरात लावलं की शेजारचं दार किलकिलं झालं.

मी जिन्यात उभी राहून एक बाही घातली. दुसरी सापडत नव्हती. आत ती रडत होती, मोठ्यानं, घसा मोकळा सोडून. मग फोनची बटणं दाबल्याचा आवाज आला. मग ती ओरडायलाच लागली, "लेनी? लेनी, ठेवू नकोस, ऐक. मी नव्हते गं. बाळा, मी नव्हते."